२४०० उष्मांक : भारतात भूक कशी मोजली गेली

जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांचे विशेष प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल मद्रास इलाख्यात दाखल झाले. दक्षिण भारतात भीषण दुष्काळ पसरला होता आणि सरकारी दुष्काळी कामांवर माणसांची रीघ लागली होती. तीनच वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून टेंपल यांनी जवळजवळ कोणालाही मरू दिले नव्हते, आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका झेलला होता. आता खर्च आवरण्याच्या कामगिरीवर त्यांना पाठवण्यात आले होते. खडी फोडणाऱ्या मजुराला दिवसाकाठी दीड पौंड धान्याऐवजी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असे त्यांनी ठरवले. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. विल्यम कॉर्निश यांनी याला उघड विरोध केला. त्यांच्या हाती तुरुंगातील आहाराचे आणि कैद्यांच्या वजनाचे आकडे होते. तेवढ्या शिध्यावर शारीरिक श्रम करणारा माणूस खंगत जातो, असे त्यांचे म्हणणे होते. काही महिन्यांतच मद्रास सरकारला मजुरी वाढवावी लागली. तोवर छावण्यांमधून पुष्कळ माणसे दगावली होती.

या वादात एक शब्द कुठेच आढळत नाही : कॅलरी. कॉर्निश यांचा युक्तिवाद मुख्यतः आहारातील नायट्रोजनवर, म्हणजे आजच्या भाषेत प्रथिनांवर उभा होता. एक पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. शंभर ग्रॅम तांदळातून ३४५ किलोकॅलरी मिळतात असे धरले, तर टेंपल यांच्या शिध्यातून साधारण १,५६५ किलोकॅलरी मिळत होत्या. हा हिशेब आज शाळकरी मूलही करू शकेल. १८७७ मध्ये मात्र तो करण्याची रीतच भारतात आलेली नव्हती.

युरोपात शब्द होता, पण त्याचा अन्नाशी फारसा संबंध नव्हता. उष्णता या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून ‘कॅलरी’ हे नाव पॅरिसमध्ये निकोला क्लेमां या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने १८१९ ते १८२४ च्या दरम्यान आपल्या व्याख्यानांत वापरले. त्याच्यापुढे प्रश्न होता वाफेच्या यंत्राचा : अमुक इतका कोळसा जाळून पाणी किती तापते? एक किलोग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवणारी उष्णता म्हणजे एक कॅलरी, अशी त्याची व्याख्या होती. पुढे शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेच्या सोयीसाठी किलोग्रॅमच्या जागी ग्रॅम आणला आणि एकाच नावाची दोन एकके झाली, एक दुसऱ्याच्या हजारपट. मोठी कॅलरी लिहिताना पहिले अक्षर मोठ्या लिपीतले आणि छोटी लिहिताना लहान, अशी तोड युरोपीय भाषांनी काढली. देवनागरीला ही तोड उपयोगाची नाही, कारण तिच्यात अक्षरांचा असा भेदच नाही. त्यामुळे मराठीत एकतर ‘किलोकॅलरी’ म्हणावे लागते, नाहीतर ‘उष्मांक’ या चांगल्या घडवलेल्या शब्दाचा आश्रय घ्यावा लागतो.

शरीर हेही एक प्रकारचे मंद ज्वलन आहे, ही कल्पना क्लेमांच्याही आधीची. लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी १७८२–८३ च्या हिवाळ्यात बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवून, त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले होते. त्या प्रयोगाचे पूर्ण फळ हाती यायला शंभर वर्षे लागली. १८९० च्या दशकात अमेरिकेतील वेस्लियन विद्यापीठात विल्बर ॲटवॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणूस कित्येक दिवस राहू शकेल अशी बंद उष्मामापक खोली बांधली. आतल्या माणसाने खाल्लेले, श्वासातून सोडलेले, मलमूत्रातून गेलेले सर्व मोजले जाई. त्याच्या अंगची उष्णता नळांतून खेळणाऱ्या पाण्याने वाहून नेली जाई, आणि तीही मोजली जाई. जमा आणि खर्च जुळले. प्रथिने व कर्बोदके यांच्या एका ग्रॅममागे ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममागे ९ किलोकॅलरी हे सुटसुटीत गुणक तेव्हापासून जगभर रूढ झाले. बिस्किटाच्या पुड्यावर छापलेला आकडा बहुधा याच गुणकांतून निघालेला असतो. कारखानदार बिस्किटे जाळून पाहत बसत नाही.

विज्ञानाने मात्र हे एकक पुढे टाकून दिले. उष्णता, काम आणि वीज ही एकाच ऊर्जेची रूपे आहेत हे ठरल्यावर उष्णतेसाठी वेगळे एकक बाळगण्याचे कारण उरले नाही. १९४८ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ज्यूलला पसंती दिली. एक कॅलरी म्हणजे ४.१८४ ज्यूल, एवढ्या नात्यापुरती ती उरली. त्यातही पाणी १५ अंशांवर तापवायचे की २० अंशांवर, यावरून कॅलरीच्या किंचित निरनिराळ्या व्याख्या होत्याच. भारतात या पदच्युत एककाला दोन ठिकाणी मात्र भक्कम आसरा मिळाला. एक म्हणजे कोळसा. जानेवारी २०१२ पासून कोल इंडियाचा कोळसा प्रतिकिलो किती किलोकॅलरी देतो यावरून सतरा प्रतींत विभागला जातो. ७,००० च्या वर गेला तर पहिली प्रत. औष्णिक वीजकेंद्रांची कार्यक्षमताही एक युनिट विजेमागे किती किलोकॅलरी खर्ची पडल्या, यावरच जोखली जाते. दुसरा आसरा म्हणजे गरीब माणूस.

त्याच्यापर्यंत कॅलरी पोहोचली ती निलगिरी पर्वतातील कुन्नूरमार्गे. रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी तेथे पोषणाचे संशोधन सुरू केले होते. १९३५ मध्ये डब्ल्यू. आर. आयक्रॉइड त्या प्रयोगशाळांचे संचालक झाले. ज्वारी, नाचणी, मसूर, शेवगा, सुकी मासळी अशा शेकडो भारतीय खाद्यपदार्थांचे पृथक्करण करून त्यांनी १९३७ मध्ये कोष्टकांची एक सरकारी पुस्तिका काढली. रूक्ष आकड्यांच्या या पुस्तिकेइतका दीर्घ परिणाम करणारी पुस्तके थोडीच असतील. तिच्या सुधारित आवृत्त्या पुढे डॉ. सी. गोपालन यांच्या देखरेखीखाली निघाल्या; प्रयोगशाळा हैदराबादला हलली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. कोणते धान्य किती खाल्ले एवढे कळले की किती उष्मांक मिळाले ते सांगणारी किल्ली देशाच्या हाती आली होती. दुसरीकडे राष्ट्रीय नमुना पाहणीचे अन्वेषक १९५० पासून गावोगाव हिंडून, घरात काय काय आणले आणि खाल्ले, याच्या नोंदी करीत होते.

या दोन गोष्टी एकत्र आणण्याचे काम पुण्यात झाले. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा ‘पॉव्हर्टी इन इंडिया’ हा प्रबंध जानेवारी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. दर माणशी दररोज २,२५० उष्मांक मिळवून देणारा आहार ज्या खर्चाच्या पातळीवर परवडतो, ती किमान पातळी, असा निकष त्यांनी लावला. १९६०–६१ च्या किमतींनुसार ही पातळी खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये आली. खेड्यांतील सुमारे ४० टक्के आणि शहरांतील सुमारे ५० टक्के लोक तिच्या खाली होते. ‘गरिबी हटाव’च्या त्या वर्षी गरिबी म्हणजे नेमके काय याचे मोजता येणारे उत्तर प्रथमच लोकांपुढे आले.

१९७९ मध्ये नियोजन आयोगाच्या कार्यगटाने, ज्याचे अध्यक्ष यो. क. अलघ होते, याच वाटेने अधिकृत दारिद्र्यरेषा आखली. लोकसंख्येतील स्त्रिया, पुरुष, मुले, वृद्ध, कष्टाची कामे करणारे आणि बैठी कामे करणारे यांचे प्रमाण लक्षात घेऊन सरासरी गरज काढण्यात आली : खेड्यात २,४३५ आणि शहरात २,०९५. या आकड्यांना गोलाई देऊन २,४०० आणि २,१०० करण्यात आले. खेड्यातला आकडा मोठा, कारण तेथे अंगमेहनत अधिक. १९७३–७४ च्या किमतींनुसार एवढे उष्मांक ज्या खर्चवर्गाला मिळत होते, त्याचा मासिक खर्च खेड्यात ४९ रुपये ९ पैसे आणि शहरात ५६ रुपये ६४ पैसे निघाला. पैशांपर्यंतची ही अचूकता पाहून थोडे हसू येते; मूळ आकडा पस्तीस उष्मांकांनी खाली ओढताना कोणी फारसा विचार केल्याचे दिसत नाही.

या साऱ्या इमारतीच्या पायावरच घाव घालणारा माणूसही पुण्याचाच होता. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये झाला. फर्ग्युसन महाविद्यालय, मग लंडन, मग भारतीय कृषी अनुसंधान परिषद, आणि १९५१ पासून जवळजवळ वीस वर्षे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे सांख्यिकी संचालक, अशी त्यांची कारकीर्द. जगातील दोन तृतीयांश माणसे भुकेली आहेत असे तेव्हा सर्रास बोलले जाई. सुखात्मे यांनी १९६१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात उष्मांकांच्या वाटणीचे गणित मांडून अल्पपोषितांचे प्रमाण १० ते १५ टक्क्यांच्या आसपास असल्याचे दाखवले. भारतातील मुलांना प्रथिनांची टंचाई आहे, म्हणून प्रथिनयुक्त खाद्य वाटा, असा गजर चालू असताना, खरी उणीव पोटभर अन्नाचीच आहे. तेवढे मिळाले तर डाळ-धान्याच्या आहारातून प्रथिने बहुतांशी आपोआप मिळतील, असेही त्यांनी आणि स्वतंत्रपणे गोपालन यांनी सांगितले. पुढे जगाने ते मान्य केले.

निवृत्तीनंतर पुण्यात परतलेल्या सुखात्मे यांनी सत्तरच्या दशकात विचारलेला प्रश्न दिसायला साधा होता. समजा, शंभर निरोगी माणसांपैकी प्रत्येकाला त्याच्या गरजेइतकेच अन्न मिळते आहे. प्रत्येकाची गरज वेगळी असल्याने काहींचा आहार सरासरीच्या वर असेल, काहींचा खाली. मग सरासरीवरच रेघ मारली, तर जवळजवळ निम्मी धडधाकट माणसे ‘उपाशी’ ठरणार! ते एवढ्यावरच थांबले नाहीत. एकाच माणसाचे खाणे आणि त्याचा ऊर्जाव्यय आठवड्या-आठवड्याला बदलत असतो, आणि शरीर एका मर्यादेत आपली कार्यक्षमता त्यानुसार जुळवून घेते, असा त्यांचा सिद्धान्त होता. म्हणून गरज हा एक आकडा नसून एक पट्टा आहे. त्या पट्ट्याच्या खालच्या कडेखाली जो गेला तोच अल्पपोषित. ही कड त्यांनी सरासरीपासून दोन प्रमाण विचलनांइतकी खाली ठेवली. एवढ्या बदलाने देशातील भुकेल्यांचा आकडा निम्म्याहूनही कमी होत होता.

दांडेकरांनी याला उत्तर दिले. दारिद्र्यरेषा व्यक्तीची प्रकृती तपासत नाही, ती संपूर्ण वर्गाची ऐपत पाहते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. श्रीमंत वर्गाची सरासरी नेहमी वर आणि गरीब वर्गाची नेहमी खाली, हे काही शरीराच्या आठवडी चढउतारांमुळे घडत नाही. हा मुद्दा बिनतोड आहे, आणि सुखात्म्यांच्या बाजूने त्याला समाधानकारक उत्तर मिळाले असे म्हणता येत नाही. गोपालन यांचा आक्षेप वैद्यकीय होता, आणि अधिक बोचरा. शरीर कमी अन्नाशी जुळवून घेते हे खरे. पण ते फुकट जुळवून घेत नाही. मूल खेळणे कमी करते, उंची खुंटते, मजुराच्या हातून काम कमी होते. १९८२ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड सेकलर यांनी ‘लहानखुरे, पण निरोगी’ अशी कल्पना मांडली, तेव्हा गोपालन यांनी तिचा कडाडून समाचार घेतला. लहानखुरेपणाचे हे कौतुक फक्त गरिबांच्याच वाट्याला का येते, असा त्यांचा सवाल होता.

तरीही सुखात्मे यांना गरिबांचे विरोधक ठरवणे अन्यायाचे होईल. दूषित पाणी आणि वारंवार होणारी हगवण यांमुळे पोटात गेलेले अन्न अंगी लागत नाही, म्हणून स्वच्छ पाणी आणि शौचव्यवस्था यांना अन्नाइतकेच महत्त्व द्या, हा त्यांचा आग्रह त्या काळी बाजूला पडला. आज तो पोषणशास्त्रात सर्वमान्य आहे. त्यांची १९६१ ची पद्धतही सुधारित रूपात जिवंत आहे. अन्न व कृषी संघटना दरवर्षी देशोदेशीच्या अल्पपोषितांचे जे प्रमाण जाहीर करते, त्याचे मूळ तीच आहे, आणि जागतिक भूक निर्देशांकाचा तो एक घटक आहे. २०२२ मध्ये या निर्देशांकात १२१ देशांत भारताचा क्रमांक १०७ वा लागला, तेव्हा केंद्र सरकारने घेतलेल्या आक्षेपांपैकी एक नेमका याच घटकावर होता. एका भारतीयाने घडवलेल्या मापावरचा हा वाद आहे, याची आठवण बातम्यांमधून क्वचितच झाली.

दरम्यान दारिद्र्यरेषेचे एक विचित्र स्थित्यंतर झाले होते. १९७३–७४ नंतर ती उष्मांकांवरून पुन्हा आखली गेली नाही. जुन्या रुपयांना महागाईच्या निर्देशांकाने गुणत नेण्यात आले. लोकांचा खर्च मात्र बदलत होता. औषधे, शिक्षण, प्रवास, सरपण यांच्यावर अधिक पैसे जाऊ लागले. परिणामी नव्वदच्या दशकाअखेरीस खेड्यातील अधिकृत रेषेवर उभ्या असलेल्या माणसाला प्रत्यक्षात दोन हजारांहूनही कमी उष्मांक मिळत होते. उत्सा पटनाईक यांनी ही विसंगती चव्हाट्यावर आणली. तिचे परिणाम कागदापुरते नव्हते : १९९७ पासून राज्यांना मिळणाऱ्या स्वस्त धान्याचा कोटा याच रेषेखालच्या आकड्यावर ठरत होता. रेषा थोडी खाली सरकली, की कुठल्यातरी घरातले शिधापत्रिकेचे कार्ड रंग बदलत होते.

आणखी एक कोडे होते. उत्पन्न वाढत असताना उष्मांक घटत होते. खेड्यांतील दर माणशी सरासरी १९८३ मध्ये २,२४० होती, ती २००४–०५ मध्ये २,०४७ वर आली. अँगस डीटन आणि ज्याँ ड्रेझ यांनी २००९ मध्ये याचा धांडोळा घेतला. शेतीतील यंत्रे, दारात आलेले पाणी, वाहतुकीच्या सोयी यांनी अंगमेहनत कमी झाली आणि आजारपण घटले, हे संभाव्य कारण त्यांनी पुढे केले. त्याच वेळी भारतातील मुलांचे कुपोषण जगात सर्वांत गंभीर गणले जाते, याकडेही बोट दाखवले. म्हणजे उष्मांक घटले म्हणून भूक वाढली असे म्हणता येईना, आणि भूक संपली असे तर मुळीच म्हणता येईना. त्याच वर्षी सुरेश तेंडुलकर समितीने दारिद्र्यरेषा उष्मांकांपासून सोडवली. २०१४ मध्ये रंगराजन समितीने उष्मांक परत आणले, या वेळी प्रथिने आणि स्निग्ध पदार्थांच्या जोडीने : खेड्यात २,१५५, शहरात २,०९०. तोवर २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने धान्याचा हक्क या रेषेपासून वेगळा केला होता. त्या कायद्याचे दरमहा पाच किलो धान्य म्हणजे रोजचे सुमारे १६७ ग्रॅम, साधारण ५७५ किलोकॅलरी. टेंपल यांच्या पौंडाच्या एक तृतीयांशाहून थोडे अधिक. अर्थात टेंपल यांच्या मजुराला बहुतांशी तेवढ्यावरच भागवायचे होते.

‘किती लागते’ हे उत्तरही स्थिर राहिलेले नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये जाहीर केलेल्या शिफारशींत ६५ किलो वजनाच्या बैठे काम करणाऱ्या पुरुषाची गरज २,११० आणि कष्टकऱ्याची ३,४७० किलोकॅलरी धरली आहे. ५५ किलोच्या स्त्रीसाठी हेच आकडे १,६६० आणि २,७२० आहेत. दहा वर्षांपूर्वी बैठ्या पुरुषाची गरज २,३२० होती, तीही ६० किलो वजनाला.

२०२५ मध्ये सांख्यिकी मंत्रालयाने घरगुती खर्चाच्या ताज्या पाहण्यांवरून पोषणाचा अहवाल काढला. २०२३–२४ मध्ये खेड्यांत दर माणशी रोज २,२१२ आणि शहरांत २,२४० किलोकॅलरी मिळत होत्या. २०११–१२ चे आकडे २,०९९ आणि २,०५८ होते. वाढ दिसते खरी, पण दरम्यान प्रश्नावली बदलली आहे. पूर्वी एका भेटीत विचारले जाणारे प्रश्न आता तीन महिन्यांतील तीन भेटींत विभागले गेले आहेत, त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवताना जपावे लागते. शहराने खेड्याला मागे टाकले आहे, ही गोष्ट अलघ कार्यगटाच्या सदस्यांना चक्रावून गेली असती.

या पाहण्या घरात आलेले अन्न मोजतात आणि त्याला घरातील माणसांच्या संख्येने भागतात. नवऱ्याच्या, मुलाच्या, सर्वांत शेवटी जेवणाऱ्या सुनेच्या ताटात किती पडले, याचा रकाना त्यांच्यात नाही. घरातील प्रत्येकाने काल काय खाल्ले हे विचारून नोंदवण्याचे काम दहा राज्यांतील खेड्यांतून राष्ट्रीय पोषण निरीक्षण मंडळ करीत असे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ते १९७२ मध्ये सुरू केले होते. २०१५ मध्ये ते बंद करण्यात आले.